पडलेल्या इमारतींची खोली

अमरावतीच्या त्या ग्रंथालयात पहिल्यांदा पाऊल टाकलं तेव्हा मी एका कोटाला वाकून नमस्कार केला. नुसता नमस्कार करून थांबलो असतो तरी निभावलं असतं. पण "साहेब, अकोल्याहून आलो, बांधकाम खात्यातून," असं म्हणत मी हातातली चिठ्ठीही पुढे केली. बाहेर चैत्राचं ऊन असं होतं की आत आल्यावर डोळ्यांपुढे नुसते हिरवे-काळे ठिपके नाचत होते. त्यात समोर काळा कोट, वर टोपी, शेजारी काठी. माणूस ओळखायला अजून काय लागतं? उत्तर येईना, तेव्हा साहेबांना कमी ऐकू येत असेल असं धरून मी सगळं पुन्हा मोठ्यानं सांगितलं.

"कोटाशी बोलून झालं असन तं इकडे या," मागून आवाज आला. "त्याईले आता ऐकू येत नाई."

वळून पाहिलं तर टेबलामागे साठीचे एक गृहस्थ बसले होते. धोतर, सदरा, चष्म्याच्या एका काडीऐवजी दोरा. ते तिथले ग्रंथपाल. मी आत आल्यापासून ते मला बघत होते आणि त्यांना मजा वाटली होती, हे त्यांनी लपवलं नाही.

"कोनाचा हाय कोट?" मी विचारलं.

"माह्या आधी जे बाबू होते, त्याईचा. याच खुर्चीत गेले. घरचं कोनी न्यायले आलं नाई."

"मंग तुमी काहून नाई काढला?"

"काढला होता एकदा. कागदाईले चाललं नाई."

हे त्यांनी 'चहात साखर कमी आहे' म्हणावं तसं म्हटलं आणि माझी चिठ्ठी वाचायला घेतली. मी कोटापासून दोन पावलं दूर सरकलो. इथे एक कबूल करतो. आमच्या घरानं नागपूरला दीक्षा घेतली तेव्हा मीही मोठ्या आवाजात सगळ्या प्रतिज्ञा म्हटल्या होत्या. देव सोडले, ते आजवर सोडले. पण भुतांबद्दल मला कोणी वेगळं, स्पष्ट असं विचारलं नव्हतं. ही माझी पळवाट, आणि तिचा फायदा मी आयुष्यात दोन-चारदा तरी घेतला आहे. त्यातली पहिली वेळ ही.

ते ग्रंथालय म्हणजे कॅम्पातला एक जुना दगडी बंगला. फार पूर्वी कोणी एक इंजिनियर होता, त्याला इमारतींचं वेड. घर कसं बांधावं, कमान कशी वळवावी, जाळी कशी कोरावी, इतकंच काय खुर्चीचा पाय कसा काढावा, यावरची पुस्तकं त्यानं जन्मभर जमवली. काही पुस्तकं एवढी मोठी की एकट्यानं उचलली तर पाठीत उसण भरावी. शिवाय वऱ्हाडातल्या जुन्या इमारतींचे मूळ नकाशे, कापडावर काढलेले, गुंडाळून भिंतभर लाकडी खणांत ठेवलेले. टांगेवाल्याला 'ग्रंथालय' सांगून कळलं नाही. 'नकाशाचा बंगला' म्हटल्यावर त्यानं मान हलवली आणि विचारलं, "थांबू का? तिथून लोकं लवकर वापस येतात."

मी लवकर परत येण्यासारखा नव्हतो. माझं काम साधं नव्हतं.

मी तेव्हा अकोल्याला बांधकाम खात्यात नकाशे काढायला होतो. माझी बायको तिथल्याच एका मुलींच्या शाळेत शिक्षिका. शाळा जुनी, एकमजली. पाच-सहा वर्षांपूर्वी तिच्या पूर्वेच्या टोकाला वर एक खोली चढवली होती. त्या खोलीच्या खालच्या वर्गात आमच्या हिचा वर्ग भरायचा. फाल्गुनात त्या वर्गाच्या पूर्वेच्या भिंतीला तडा गेला. सुरुवातीला नख जाईल एवढा होता, चैत्र लागला तेव्हा त्यात बोट जाऊ लागलं.

आता काळ्या मातीवरच्या घराला तडा जाणं ही आमच्याकडे बातमी नाही. माती पावसात फुगते, उन्हात आटते, भिंती तिच्याबरोबर उठबस करतात. दिवाळीला तडे बुजवायचे, उन्हाळ्यात पुन्हा बघायचे. आमचे साहेब पुण्याकडचे. त्यांना याची सवय नव्हती, आणि ते बरंच झालं. ते म्हणाले, "अहो, हे मातीचं आहे की पायाचं, ते मला मूळ नकाशा पाहिल्याशिवाय सांगता येणार नाही. दफ्तरातली प्रत तर वाळवीनं खाल्लीय. तुम्ही अमरावतीला जाऊन बघून या. तोवर शाळा चालू दे, परीक्षा आहेत."

म्हणजे मी परत येईपर्यंत माझी बायको आणि तिच्या चाळीस मुली त्या भिंतीखाली बसणार होत्या. सकाळची शाळा होती. मी पहाटेच्या एसटीनं निघालो तेव्हा ती शाळेसाठी वेणी घालत होती. म्हणाली, "पाया चांगला निघाला तर लवकर सांगा, त्या कोपऱ्यातला फळा मला परत तिथंच लावायचाय."

ग्रंथपालांनी चिठ्ठी वाचून घडी घातली. विचारलं, "इमारत उभी का पडली?"

"उभी हाय. उभी हाय म्हनून तं आलो."

ते उठले आणि समोरच्या भिंतीतल्या खणांवरून बोट फिरवू लागले. प्रत्येक गुंडाळीला लाल फितीनं एक चिठ्ठी बांधलेली. तहसील, दवाखाना, धर्मशाळा, डाकबंगला. खिडक्या सगळ्या बंद, कागदांना ऊन लागू नये म्हणून. एका फटीतून येणारा उन्हाचा पट्टा तेवढा जमिनीवर पडला होता. आणि त्या शांततेत ते नकाशे वाजत होते. उन्हानं कापड ताणतं, गुंडाळी थोडी सैल होते, आणि 'कर्रर्र' असा बारीक आवाज येतो. एका खणातून आला की दुसऱ्या टोकाच्या खणातून त्याचं उत्तर यावं तसा. मी नकाशांच्या धंद्यातला माणूस. हे कापडाचं होतं हे मला पक्कं माहीत होतं. तरी मी खुर्ची भिंतीपासून ओढून खोलीच्या मधोमध घेतली.

"नाई इथं," ग्रंथपाल म्हणाले. मग त्यांनी जाडजूड नोंदवही काढली, पानं उलटली, एका ओळीवर बोट ठेवलं आणि बराच वेळ उचललं नाही.

"काय झालं?"

"पडली म्हनते."

"कोन म्हनते?"

"वही म्हनते. मागच्या खोलीत हाय तुमची शाळा."

तेव्हा मला तिथली रीत कळली. एखादी इमारत पडली किंवा पाडली की तिचा नकाशा समोरच्या खोलीत राहत नसे. त्याची लाल फीत सोडायची, पांढरी बांधायची आणि तो मागच्या खोलीत नेऊन ठेवायचा. वहीत 'पडली' असं लिहून पुढे तारीख टाकायची. त्या दिवशी घरी जाताना ग्रंथपालानं हातपाय धुऊन जायचं.

"मयतीहून आल्यावानी?" मी हसून विचारलं.

"मयतच असते नं," ते म्हणाले. ते हसले नाहीत.

"पन बाबूजी, शाळा उभी हाय! आज सकाळी मायी बायको तिथं शिकवाले गेली."

त्यांनी वही माझ्याकडे फिरवली. जुन्या वळणाचं, टोकदार अक्षर. शाळेचं नाव, गाव, आणि पुढे 'पडली'. तारखेची जागा कोरी.

"हे अक्षर मायं नाई," ते म्हणाले, आणि खुंटीवरच्या कोटाकडे हनुवटी केली. "त्याईचं हाय. जाऊन पाच वर्सं झाली त्याईले. मी दरवर्षी ही ओळ पायतो. मले वाटे, तारीख टाकाची राहून गेली."

माझ्या पाठीवरून घामाचा ओघळ गेला, आणि तो गार होता. माणसाला आपल्या बायकोच्या शाळेची मयत तिच्या आधी कळावी, ही काही चांगली गोष्ट नाही. मी घड्याळाकडे बघितलं. शाळा सुटायला अजून अर्धा तास होता.

मागच्या खोलीला खिडकीच नव्हती. त्यांनी कंदील लावून माझ्या हातात दिला आणि शिडी आणायला गेले. मी एकटा. खोलीत चहूबाजूंनी पांढऱ्या फिती, नुसत्या पांढऱ्या फिती, खालपासून छतापर्यंत. मध्ये एका टेबलावर लाकडाचं एक छोटं घर होतं, खेळण्यासारखं. जिने, खिडक्या, सज्जा, सगळं नीट. बहुधा बांधण्याआधी मालकाला दाखवायला केलेलं. मी कंदील खाली धरून आत डोकावलो आणि वरच्या मजल्याच्या खिडकीतून कोणीतरी चटकन मागे सरलं. पाल असणार. पालच होती, असं मी आजही म्हणतो. पण ती मी पाहिलेली नाही.

नजर दुसरीकडे वळवावी म्हणून जवळच्या खणातल्या चिठ्ठ्या वाचू लागलो, तर एका चिठ्ठीवर अकोटच्या बाजूच्या आमच्याच गावाचं नाव. प्राथमिक शाळा. ती एका पावसाळ्यात बसली होती, ते मला ठाऊक होतं. हात आपोआप गेला. गुंडाळी थोडी उलगडली. मुख्य खोली, मास्तरांची जागा, दार. आणि दाराबाहेर एक अरुंद पट्टी, तिच्यात लिहिलेलं 'व्हरांडा'. मी चौथीपर्यंत तिथे बसलो, आमच्या वस्तीतली आम्ही सगळीच पोरं. आतल्या फळ्यावरचं अर्धंच दिसायचं, उरलेलं आम्ही अंदाजानं शिकलो. माझा हिशेब आजही कच्चा आहे, त्याचं खापर मी त्या व्हरांड्यावर फोडतो. त्या पट्टीवर बोट ठेवलं तेव्हा मला अगदी स्पष्ट असं वाटलं की आत कोणीतरी हजेरी घेत आहे आणि माझं नाव यायला थोडाच अवकाश आहे. मी घाईघाईनं गुंडाळी बंद केली. 

तेवढ्यात ग्रंथपाल शिडी घेऊन आले. वरच्या खणातून अकोल्याच्या शाळेचा नकाशा निघाला. टेबलावरचं लाकडी घर बाजूला सारून त्यांनी तो उलगडला, चार कोपऱ्यांवर चार दगड ठेवले. नकाशे दोन होते, एकात एक गुंडाळलेले. खालचा मूळ, पिवळा पडलेला. वरचा त्याची नक्कल, ट्रेसिंगच्या कापडावर काळ्या शाईत. सुबक काम. कुठे रेघ जाड नाही, कुठे शाई फुटलेली नाही. मी मनात म्हटलंसुद्धा, वा, हात आहे बुवा कोणाचा तरी! आणि कोपऱ्यात बघितलं तर तिथे माझी आद्याक्षरं.

पडलेल्या इमारतींच्या खोलीत, मेलेल्या माणसानं बांधलेल्या पांढऱ्या फितीत, माझी सही.

थोडं मागचं सांगायला हवं. दीक्षेनंतरच्या वर्षी मी अमरावतीलाच ट्रेसर म्हणून लागलो होतो. ट्रेसरचं काम म्हणजे मूळ नकाशावर कापड ठेवायचं आणि खालच्या रेघा शाईनं वर उतरवायच्या. डोकं चालवायचं नाही, असं मोठे ट्रेसर सांगत. पहिल्याच महिन्यात मी एका दवाखान्याचा नकाशा इतका इमानदारीनं उतरवला की त्यावर चिरडून वाळलेली एक माशीही खांब म्हणून काढली. आठवडाभर अख्खं ऑफिस मला विचारत होतं, "खांब उडाला का रे?" तेव्हापासून मी डागांच्या बाबतीत फार हुशार झालो. त्या ऑफिसात नकाशांवरच चहाच्या बशा टेकवायची पद्धत होती. दर दोन नकाशांत एकावर बशीचं वर्तुळ असायचं. अशी वर्तुळं मी नजरेनं उडवून लावायचो. शाळा तर त्या वर्षी मी इतक्या उतरवल्या की कुठली कोणत्या गावची, हे लक्षात ठेवण्याचा प्रश्नच नव्हता. अकोला मी तेव्हा पाहिलंही नव्हतं, आणि तिथे शिकवणारी बायको तर अजून माझ्या नशिबातही आली नव्हती.

ग्रंथपालांनी वरचं कापड उचललं. मूळ नकाशात पूर्वेच्या भिंतीच्या बरोबर खाली एक फिकट गोल होता. बशीपेक्षा लहान, आणि फार नेमका. कंपासनं काढलेला. कंदील अगदी जवळ नेल्यावर त्याच्या मध्ये एक अक्षर दिसलं, 'वि'.

"विहीर," ग्रंथपाल म्हणाले.

मी वरचं कापड पुन्हा ठेवलं. गोल दिसेनासा झाला. उचललं, दिसला. असं मी तीन-चारदा केलं. तितक्या वेळात काही बदलेल असं मला का वाटलं कोण जाणे.

दोन्ही नकाशांच्या मध्ये कागदाचा एक तुकडा होता, त्याच टोकदार अक्षरात. पूर्वेच्या भिंतीखाली झाकलेली विहीर आहे. नव्या नकलेत ती नाही. नकलेवरून वर मजला चढवत आहेत. दोनदा कळवलं, उत्तर नाही. एवढंच.

ग्रंथपाल खुर्चीवर बसले. "म्हनजे तारीख राहून नव्हती गेली," ते हळू म्हणाले. "त्याईनं ती मोकळी ठेवली होती."

समोरच्या खोलीत कुठलीशी गुंडाळी 'कर्रर्र' वाजली, मग तिच्या शेजारची, मग तिसरी. या वेळी मला कापड, ऊन, काहीही आठवलं नाही. मी दोन्ही नकाशे बगलेत मारले. नेण्याची परवानगी नव्हती, पण त्यांनी अडवलं नाही. दारापर्यंत आले आणि म्हणाले, "वापस आनाल तं कोनती फीत बांधाची, ते ठरवून आना."

एसटी मूर्तिजापूरला अर्धा तास थांबली. त्या अर्ध्या तासात मी माझ्या आयुष्यात सगळ्यात हुशारीनं विचार केला. मूळ नकाशा दाखवला की पुरे होतं. नक्कल दाखवायची काय गरज? ती नकाशाच्या बंगल्यातच राहिली, असं म्हणता येईल. नवी नोकरी नाही, पण घरातली पहिली सरकारी नोकरी. गावाकडे आई माझं नाव 'खात्यात आहे' असं लावून सांगायची. आणि गोलाचं म्हणाल तर, तो कोणीही गाळला असता. बशीसारखाच दिसत होता. मी हे सगळं स्वतःला पटवत पटवत अकोल्यापर्यंत आलो आणि साहेबांच्या बंगल्यात शिरताना माझ्या लक्षात आलं की दोन्ही गुंडाळ्या अजून एकातच एक आहेत. सोडवायला मला पुरेसा वेळ होता. हात धजला नव्हता.

साहेबांनी दोन्ही पाहिले. चष्मा काढला. "ही नक्कल कोणाची?"

"माझी."

"आणि हे वर्तुळ?"

"मले... मला ते चहाच्या बशीचं वाटलं, साहेब."

 पुण्याच्या माणसाला रागावताना शब्द निवडावे लागतात, त्यात वेळ जातो. शेवटी म्हणाले, "उद्यापासून वर्ग झाडाखाली भरतील. हेडबाईंकडे आत्ता जा. तुमचं नंतर बघू."

दुसऱ्या दिवशी मुली आवारातल्या निंबाखाली परीक्षेला बसल्या आणि दोन मजूर पूर्वेच्या भिंतीला लागून बाहेरून खणू लागले. कमरेइतकं खणल्यावर फरशी लागली. जुनी, जाड. एक फरशी भिंतीच्या आतल्या बाजूला कलली होती. मजुरानं तिच्या फटीत लोखंडी सब्बल घातली, जोर लावला, आणि सब्बल त्याच्या हातातून निसटून आत गेली.

आम्ही सगळे थांबलो. साहेब, मजूर, हेडबाई, मी. आवाज यायला जेवढा वेळ लागायला हवा त्याहून जास्त वेळ लागला. मग खूप खालून 'डुबुक' असं आलं. पाणी होतं. चैत्रात, जिथे गावच्या विहिरी तळाला गेल्या होत्या, तिथे त्या भिंतीखाली पाणी होतं. फटीतून गार हवा वर आली, शेवाळाच्या वासाची, आणि उन्हात उभे असलेले आम्ही सगळे एकदम मागे सरलो.

वरची खोली आठवड्याभरात उतरवली. भिंतही पाडली. मला लेखी खुलासा द्यावा लागला; त्यात 'बशी' हा शब्द लिहिताना जेवढी लाज वाटली तेवढी लग्नात उखाणा विसरलो तेव्हाही वाटली नव्हती.

पण घरी सांगणं राहिलं होतं. विहीर सापडली हे हिला ठाऊक होतं. ती नकाशातून कोणी गाळली, ते नव्हतं. सब्बल पडली त्याच संध्याकाळी, अंगणात ती उत्तरपत्रिका तपासत बसली होती तेव्हा, मी सगळं सांगून टाकलं. मला वाटलं होतं ती चिडेल, किंवा हसेल. तिनं विचारलं, "गोल केवढा होता?" मी बोटांनी दाखवला. तिनं लाल पेन्सिल खाली ठेवली. आणि एरवी शाळेतली शुद्ध भाषा बोलणारी माझी बायको माहेरच्या बोलीत म्हणाली,

"भिंतीजवळच्या पोट्ट्या दोन महिन्यापासून सांगून राहिल्या होत्या मले. बाई, खाली कोनी घागर बुडवते. मी म्हनलं, अभ्यास झाला नाई की असेच आवाज येतात. तुमी तं एक गोल गाळला. मी सांगनाऱ्या पोट्ट्याईले तिथंच उभं करत होती, भिंतीले पाठ लावून."